पूर्व आशियातले धर्म आणि पाश्चात्त्य धर्मकल्पना: माझ्या तक्त्यात काय चुकतंय?

पौडफाटा (धागाकर्ता)

मंडळी, कोथरूडमधल्या एका वाचनगटापुढे पुढच्या महिन्यात चाळीस मिनिटं बोलायचं आहे. श्रोत्यांत निम्मे निवृत्त लोक, निम्मी जपानी शिकणारी मुलं. विषय वर दिलाच आहे. तयारी म्हणून एक तक्ता केलाय. डावीकडे चीन-जपान-कोरिया, उजवीकडे ज्यू-ख्रिस्ती-इस्लाम.

देव: डावीकडे निसर्गात, उजवीकडे विश्वाबाहेर.
माणसाची मूळ अडचण: डावीकडे अज्ञान, उजवीकडे पाप.
काळ: डावीकडे चक्र, उजवीकडे सरळ रेषा.
मेल्यावर: डावीकडे पुनर्जन्म, उजवीकडे स्वर्ग-नरक.
श्रद्धा: डावीकडे एका वेळी अनेक, उजवीकडे एकच.

दिसायला छान दिसतोय, म्हणूनच शंका येतेय. कन्फ्यूशियसला यात कुठे बसवायचं? जपानच्या मूळच्या शिंतो परंपरेत 'पाप' असतं का? यिन-यांगच्या चित्रावर 'चांगलं आणि वाईट यांचा समतोल' असं लिहिलं तर चालेल का? आणि नुसत्या संकल्पना सांगून लोक पेंगतील, तेव्हा दाखवता येईल असं एखादं ठोस उदाहरण सुचवा. जिथे चूक असेल तिथे सरळ काट मारा.

शाईची दौत

तक्ता चुकायला सुरुवात शीर्षकातच होते. 'धर्म' या शब्दाखाली तुम्ही दोन्ही बाजू घातल्यात, पण हा अर्थ डाव्या बाजूला जेमतेम दीडशे वर्षांपूर्वी पोचला.

जपानीत आज धर्माला 'शूक्यो' म्हणतात. शब्द जुना आहे, पण पूर्वी तो बौद्ध पंथाच्या शिकवणीपुरता होता. १८६०-७० च्या सुमारास पाश्चात्त्य राष्ट्रांशी तह करताना 'रिलिजन'ला प्रतिशब्द हवा होता, तेव्हा हा पुढे आला आणि तिथून चीनमध्ये गेला. त्याआधी चीनमध्ये 'सान-च्याओ' म्हणत, म्हणजे तीन शिकवणी: कन्फ्यूशियसची, ताओची, बुद्धाची. शिकवणी तीन असल्या तरी माणूस एकच असू शकतो. एकाच वेळी गणिताच्या आणि गाण्याच्या मास्तरांकडे जायला कोणाची हरकत असते?

मराठीतही 'धर्म' हा शब्द आपण नंतर 'रिलिजन'च्या मापाने कापला. पण जुनी मापं अजून वापरात आहेत: शेजारधर्म, कुळधर्म, राजधर्म. कन्फ्यूशियसचं 'ली' समजावताना हे शब्द काढा, श्रोत्यांना पटकन कळेल. 'ली' म्हणजे ज्याच्या-त्याच्या नात्याला साजेसं रीतीचं वागणं. नाती मुख्यतः पाच: राजा-प्रजा, बाप-मुलगा, नवरा-बायको, थोरला-धाकटा भाऊ, आणि मित्र. 'शेजारधर्म पाळतोस, म्हणजे तुझा नेमका विश्वास कशावर आहे?' असं आपण कोणाला विचारत नाही. तोच अडाणी प्रश्न पाश्चात्त्य अभ्यासक कन्फ्यूशियसला बरीच वर्षं विचारत होते.

'कन्फ्यूशियस धर्म आहे का' याला सरकारी उत्तरंही दोन आहेत. चीनच्या अधिकृत यादीत पाच धर्म: बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक, प्रॉटेस्टंट. कन्फ्यूशियस नाही. इंडोनेशियाच्या सहा अधिकृत धर्मांत मात्र आहे. एका स्लाइडवर दोन्ही याद्या शेजारी-शेजारी ठेवा. निवृत्त मंडळींना वाद घालायला विषय मिळेल, तुम्हाला पाणी प्यायला वेळ.

'श्रद्धा एका वेळी अनेक' हेही तसंच्या तसं सांगू नका. जपान सरकार दरवर्षी धार्मिक संस्थांकडून अनुयायांचे आकडे घेतं. लोकसंख्या साधारण साडेबारा कोटी आणि अनुयायांची बेरीज मात्र सोळा ते अठरा कोटींच्या घरात. लोक खोटं बोलत नाहीत. आकडे माणसं देत नाहीत, संस्था देतात. शिंतो देवस्थान आपल्या हद्दीत राहणाऱ्यांना आपलं समजून मोजतं, बौद्ध मंदिर आपल्याकडे नोंदलेलं कुटुंब मोजतं. हद्द आणि कुटुंब अशा दोन्ही वह्यांत तोच माणूस. त्याच माणसाला पाहणीत 'तुमचा धर्म कोणता' म्हणून विचारलं तर बहुतेक वेळा 'काही नाही' असं उत्तर येतं. तेव्हा 'अनेक श्रद्धा' नव्हे, अनेक संबंध.

कुटुंबाच्या नोंदीमागेही गंमत आहे. तोकुगावा राजवटीने १६१४ मध्ये देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. पुढे प्रत्येक घराला आपण ख्रिस्ती नाही याचा दाखला बौद्ध मंदिरातून घ्यावा लागे. म्हणजे जपानी घरांचं मंदिराशी असलेलं नातं निदान कागदावर तरी ख्रिस्ती धर्मापायी पक्कं झालं.

मुठाकाठ

वरच्या प्रतिसादाशी सहमत. ठोस उदाहरण हवंय ना? दोन्ही बाजू समोरासमोर आल्या तेव्हा काय घडलं तेच सांगा. माझ्या मते चाळीसपैकी पंधरा मिनिटं यावर गेली तरी हरकत नाही.

पहिला प्रसंग जपानचा. फ्रान्सिस झेवियर, ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे तेच, १५४९ च्या ऑगस्टमध्ये कागोशिमाला उतरले. 'देव' जपानीत कसा सांगायचा? त्यांच्या दुभाषाने 'दाइनिची' शब्द दिला. दाइनिची म्हणजे महावैरोचन बुद्ध, शिंगोन पंथाचं परमतत्त्व. झेवियर दाइनिचीची भक्ती करा म्हणून सांगू लागले आणि शिंगोन भिक्षू खूश झाले: हा तर आपल्यातलाच, हिंदुस्थानातून आलेला! दोनेक वर्षांनी झेवियर यांच्या लक्षात आलं की दाइनिची जग निर्माण करत नाही, न्याय करत नाही, जगाहून वेगळाही नाही. डोंगर, नदी, आपण, सगळं त्याचंच रूप. मग त्यांनी घाईघाईने शब्द बदलून लॅटिन 'देउस' आणला. विरोधकांनी त्याचं 'दाई-उसो' केलं, म्हणजे 'मोठी थाप'. तक्त्यातली तुमची पहिली ओळ या एका प्रसंगात जिवंत होते. शिवाय 'निसर्गात देव' म्हणणं का अपुरं आहे तेही दिसतं. खरा फरक निर्मात्याचा. शून्यातून जग करणारा आणि केलेल्या जगापासून वेगळा राहणारा कोणी डावीकडे केंद्रस्थानी नाही.

दुसरा प्रसंग चीनचा. जेझुइट धर्मप्रचारक मातेओ रिची १५८२ मध्ये मकावला आणि १६०१ मध्ये बीजिंगला पोचले. वाद तीन गोष्टींचा होता: देवाला 'थ्येन' (आकाश) किंवा 'शांगती' (वरचा सम्राट) म्हणावं का, पंडितांनी कन्फ्यूशियसला वंदन करावं का, आणि ख्रिस्ती झालेल्याने घरच्या पितरांच्या पाटीपुढे उदबत्ती लावून नैवेद्य ठेवावा का. ही पाटी डोळ्यापुढे आणा: वीतभर उंचीची उभी लाकडी फळी, खाली बैठक, वर मृताचं नाव आणि 'आत्म्याचं आसन' अशा अर्थाची अक्षरं. रिचींचं म्हणणं, हा आदर आहे, उपासना नाही. डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघांची मंडळी म्हणाली, पाटीवर 'आत्म्याचं आसन' लिहिलंय, पुढे ताट ठेवलंय, मग उपासना नाही तर काय?

१७०४ मध्ये रोमने विरोधात निर्णय दिला, १७१५ मध्ये तो आणखी कडक केला. खांग्शी सम्राटाने १७२१ मध्ये प्रचारावर बंदी घातली. १७४२ मध्ये पोपने यावर चर्चाच थांबवली. कोरियात १७९१ मध्ये युन जी-चुंग या कॅथलिक माणसाने पितरांच्या पाट्या जाळल्या आणि आई वारल्यावर रूढ विधी केला नाही, म्हणून त्याचा शिरच्छेद झाला. आणि १९३९ मध्ये रोमने सांगितलं की हे विधी नागरी स्वरूपाचे आहेत, करायला हरकत नाही. आज कोरियातले कॅथलिक 'जेसा', म्हणजे पितरांचा विधी, करू शकतात, बरेचसे प्रॉटेस्टंट मात्र टाळतात.

श्रोत्यांना विचारा: श्राद्धाचं पान वाढणं ही उपासना की कर्तव्य? सभागृहात दोन तट पडतील. तीच रिचींची अडचण.

आणि 'मेल्यावर पुनर्जन्म' ही ओळ काढाच. तो बौद्ध धर्माबरोबर भारतातून गेला. चीनच्या जुन्या समजुतीत माणसात 'हुन' आणि 'फो' असे दोन अंश: एक वर जातो, दुसरा देहाबरोबर जमिनीत राहतो. पुढे पितर म्हणून सांभाळणं हे घरच्यांचं काम. पुनर्जन्म झाला असेल तर नैवेद्य कोणाला, हा प्रश्न तिथेही पडतो आणि आपल्याकडेही. तरी दोन्हीकडे पान वाढलं जातं.

ओगराळं

शिंतोमधल्या 'पापा'बद्दल. तिथला मुख्य शब्द 'केगारे'. त्याला 'पाप' म्हणाल तर सगळं बिघडेल, 'विटाळ' किंवा 'सुतक' म्हणाल तर बरंचसं जमेल. घरात मृत्यू झाला तर केगारे लागतो, त्यात कोणाचा दोष नसतो. दोष नाही म्हणून कबुली नाही, पश्चात्ताप नाही, क्षमा मागायची नाही. काळ जाऊ द्यायचा, पाणी घ्यायचं, झालं. जवळचं माणूस गेल्यावर रीत अशी की पन्नास दिवस देवस्थानात जायचं नाही, आणि त्या घरातून त्या वर्षी नववर्षाची शुभेच्छापत्रं जात नाहीत. अंत्यविधी बहुधा बौद्ध मंदिराकडे असतो, कारण मृत्यू शिंतोला चालत नाही.

मुलांना हात धुण्याची रीत करून दाखवायला सांगा. एक तांब्या-घंगाळं आणि ओगराळं पुरे. उजव्या हातात ओगराळं घेऊन डाव्या हातावर पाणी. हात बदलून उजव्यावर. पुन्हा उजव्या हातात घेऊन डाव्या तळव्यात थोडं पाणी, त्याने चूळ. मग डावा हात परत धुवायचा. शेवटी ओगराळं उभं धरायचं म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळून दांडा धुतला जातो, आणि पालथं ठेवायचं. हे सगळं एकदाच भरलेल्या ओगराळ्यात. नवखे तीन ठिकाणी चुकतात: ओगराळ्याला तोंड लावतात, चुळीचं पाणी परत कुंडात टाकतात, आणि पहिल्या हातालाच अर्धं पाणी संपवतात. करोनापासून बऱ्याच देवस्थानांनी ओगराळी काढून वाहतं पाणी ठेवलंय, हेही सांगा, नाहीतर कोणी प्रत्यक्ष जाऊन आलेला उठून आक्षेप घेईल.

पुढे गेल्यावर दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मग एकदा वाकायचं. इझुमोला टाळ्या चार. बौद्ध मंदिरात टाळी नाही, नुसते हात जोडायचे. जपानी शिकणारी मुलं हमखास इथे घसरतात, कारण दोन्ही ठिकाणं त्यांना 'मंदिर'च वाटतात. दारातली दोन खांबांची तोरी कमान दिसली की देवस्थान. उदबत्तीची मोठी राखदाणी दिसली की सहसा बौद्ध मंदिर.

वर्षातून दोनदा, ३० जून आणि ३१ डिसेंबरला, मोठी शुद्धी असते. माणसाच्या आकाराचा कागद मिळतो. त्यावर नाव आणि वय लिहायचं, अंगावरून फिरवायचा, त्यावर फुंकर घालायची आणि देवस्थानात द्यायचा. पुढे तो पाण्यात सोडतात किंवा जाळतात. कागदावर गुन्ह्याची यादी नसते, नाव आणि वय एवढंच. ख्रिस्ती कबुलीजबाबाशी तुलना करायची तर इथे करा.

अवांतर: सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान दाखवून 'हे झेन' असं कृपा करून सांगू नका. ते ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवर आहे, आणि कोराकुएन ही सरदाराची फिरण्याची बाग, १७०० च्या सुमारास पुरी झालेली. तिथे ध्यान नाही, चालणं आणि चहा.

लाल देऊळ

डावी बाजू सगळ्यांनी दुरुस्त केली, उजवीकडे कोणी बघितलंच नाही. 'ज्यू-ख्रिस्ती-इस्लाम' असा एक रकाना करणं हे 'चीन-जपान-कोरिया' इतकंच ढोबळ आहे.

'माणसाची मूळ अडचण पाप' हे वाक्य मुख्यतः पश्चिम युरोपातल्या ख्रिस्ती विचाराचं आहे, आणि त्याला घाट दिला ऑगस्टिनने (३५४-४३०). आदमचा दोष जन्मतःच प्रत्येकाकडे येतो हे ज्यू मानत नाहीत, मुसलमान मानत नाहीत, पूर्वेकडचं ऑर्थोडॉक्स चर्चही त्या रूपात मानत नाही. 'पश्चिमेत विश्वास, पूर्वेत आचार' हे तर त्याहून चुकीचं. ज्यू परंपरेत ६१३ आज्ञा मोजतात आणि त्यातल्या पुष्कळ काय खावं, काय नेसावं, कधी काम थांबवावं याच्या आहेत. प्रेताला शिवल्यावर सात दिवसांची अशुद्धी बायबलच्या जुन्या करारातच आहे, आणि आजही दफनभूमीतून निघताना हात धुतात. 'ओगराळं' यांनी वर्णन केलेला केगारे ज्यू माणसाला ख्रिश्चनापेक्षा लवकर कळेल. (कॅम्पातलं ओहेल डेव्हिड, १८६७ चं, पुणेकरांनी त्याला 'लाल देऊळ' म्हटलं. प्रार्थनाघराला देऊळ म्हणून मोकळं होणारं हे शहर, तेव्हा भाषांतराची अडचण इथे नव्याने सांगायला नको.)

विश्वासाचं कलमवार वाक्य म्हणून दाखवणं ही खास ख्रिस्ती सवय आहे. ३२५ मध्ये निकाया इथे धर्मसभा भरली, तिथे ठरलेल्या मसुद्यावर कोण सही करतो नि कोण नाही यावर माणूस आत की बाहेर ते ठरलं. तुमच्या तक्त्यातला प्रत्येक रकाना तीच सही मागतोय.

काळाची ओळही बघा. जपानी बौद्धांत 'माप्पो' म्हणजे धर्माच्या ऱ्हासाचं युग १०५२ मध्ये सुरू झालं अशी गणना होती. ठरावीक साल, त्यानंतर उतरण. ही रेषाच झाली की. आणि ख्रिस्ती चर्चचं वर्ष नाताळ, ईस्टर असं दरवर्षी फिरतंच.

पौडफाटा

दंडवत. तक्ता फाडला. दोन शंका उरल्यात. जोदो म्हणजे शुद्धभूमी बौद्ध पंथाबद्दल वाचताना नुसतं नाव घेऊन मुक्ती, हे एकीकडे ल्यूथरसारखं आणि एकीकडे आपल्या नामस्मरणासारखं वाटतं. सांगू का? आणि यिन-यांगचं राहिलंच. जमलं तर पंचमहाभूतांशी जोडता येईल का?

मुठाकाठ

सांगा, पण कुठे सांधा निखळतो तेही लगेच सांगा. होनेन (११३३-१२१२) आणि त्यांचे शिष्य शिनरान (११७३-१२६३). मंत्र 'नामु आमिदा बुत्सु', म्हणजे नमो अमिताभ बुद्ध. आधार असा की अमिताभाने पूर्वी भिक्षू असताना ४८ संकल्प केले. अठरावा असा: जो मनापासून माझ्या भूमीत जन्म इच्छील आणि निदान दहादा स्मरेल, तो तिथे जन्मला नाही तर मीही बुद्ध होणार नाही. स्वबळ ते 'जिरिकी', दुसऱ्याचं बळ ते 'तारिकी'. शिनरान यांचा भर पूर्णपणे दुसऱ्यावर.

ल्यूथरशी साम्य एवढंच की माणसाच्या कर्तबगारीने काही साधत नाही. पण अमिताभ निर्माता नाही, न्यायाधीश नाही, आपण त्याचा अपराध केलेला नाही. त्यामुळे क्षमेचा प्रश्नच येत नाही. शुद्धभूमी हाही शेवटचा स्वर्ग नव्हे, बुद्धत्व जिथे हमखास मिळतं अशी जागा. नामस्मरणाच्या बाजूने अडचण उलटी आहे. शिनरान यांच्या मते नाम हे पुण्य जमवायचं साधन नाही, तारण झाल्याची ती कृतज्ञता आहे. माळ घेऊन लाखाचा संकल्प सोडणं म्हणजे त्यांच्या हिशेबात पुन्हा स्वबळच.

'ओगराळं' यांच्याशी जोडून: अंत्यविधीहून परतताना अंगावर मीठ टाकायची जपानी रीत शिनरान यांचा पंथ पाळत नाही. मृत्यू अशुद्ध नाहीच, तर शुद्धी कशाची?

आणखी एक खड्डा. जपानमधली बेन्झायतेन ही मूळची सरस्वती, कांगितेन हा गणपती. एवढं सांगितलं की पुढची दहा मिनिटं 'म्हणजे सगळं आपलंच' यात जातात. शेवटच्या पाच मिनिटांसाठी ठेवा, किंवा ठेवूच नका.

शाईची दौत

पंचमहाभूतांशी जोडू नका. चिनी 'वू-शिंग'मध्ये लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. आकाश नाही, वायू नाही. आणि ही द्रव्यं नव्हेत, अवस्था आहेत, एकीतून दुसरी निघते. लाकडाने आग पेटते, आगीची राख म्हणजे माती, मातीतून धातू, थंड धातूवर पाणी धरतं, पाण्याने झाड वाढतं. दुसरी साखळी दाबण्याची: झाड माती फोडतं, माती पाणी अडवते, पाणी आग विझवतं, आग धातू वितळवते, धातू झाड तोडतो. फळ्यावर पाच ठिपके गोलात काढा. कडेने फिरलं की पहिली साखळी, एक सोडून एक जोडलं की दुसरी, आणि आपोआप चांदणी तयार होते.

यिन-यांगवर 'चांगलं आणि वाईट' लिहू नका. चांगलं-वाईट म्हटलं की एकाने दुसऱ्याला हरवायला हवं, आणि तुम्ही परत उजव्या रकान्यात. मूळ अक्षरांचा अर्थ डोंगराची सावलीतली बाजू आणि उन्हातली बाजू. पर्वतीचे दोन फोटो काढा, एकाच जागेवरून, एक सकाळी आठला, एक संध्याकाळी पाचला. टेकडी तीच, उजळ उतार बदललेला. ते काळ्या-पांढऱ्या माशांचं चित्र त्यानंतर दाखवा.